पिवळ्या पानांचे ऑडिटर

औरंगपुऱ्यात माणसं खाली बघून चालतात. भाजी मंडईच्या अंगाने जायचं तर पायाखाली कोबीची पानं, पुढे हातगाडी, मागे रिक्षाचा हॉर्न, आणि जून महिना असला तर वह्या-पुस्तकांच्या दुकानांसमोर अख्ख्या शहराचे पालक. अशा रस्त्यावर मान वर करून चालणारा माणूस मला तरी एकच ठाऊक आहे. अण्णा. त्यांची नजर पहिल्या मजल्यांच्या गॅलऱ्यांवरून फिरत असते. नव्या माणसाला वाटतं, काय म्हातारा आहे, लोकांच्या घरात डोकावतो! हा आरोप खोटा आहे. अण्णा कुणाच्या घरात डोकावत नाहीत. गॅलरीत लिंबाची कुंडी आहे का एवढंच बघतात, आणि असली की सरळ जिना चढून घरात येतात.

आल्यावर चप्पल काढायच्या आत विचारतात, "पिवळं कधीपासून पडायलंय?"

आमचं ठीक आहे, आम्हाला सवय झाली आहे. पण सरस्वती भुवनच्या मागच्या बोळात नव्याने भाड्याने आलेल्या एका जोडप्याला हा प्रश्न समजला नव्हता. त्यांचं बाळ तेव्हा महिन्याचं होतं आणि त्याला कावीळ होऊन गेली होती. "डॉक्टर म्हणाले आता बरं आहे," ती मुलगी बिचारी घाबरून म्हणाली. अण्णा म्हणाले, "डॉक्टरला काय कळतं? जुनी पानं पिवळी आहेत की नवी, ते सांगा."

हा 'जुनी की नवी' प्रश्न अण्णांचा हुकमी. सरकारी लेखापरीक्षणात 33 वर्षं काढलेला माणूस कोणत्याही कागदावर आधी तारीख बघतो, तसं ते पानाचं वय बघतात. आणि खरं सांगायचं तर यात ते शंभर टक्के बरोबर असतात. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्या शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं सरसकट पिवळी होतात. मॅग्नेशियमचंही तसंच, फक्त तिथे जुन्या पानाच्या देठाजवळ हिरवी पाचर शिल्लक राहते आणि बाकी पान पिवळं पडतं. लोह मात्र एकदा ज्या पानात गेलं तिथून हलत नाही. ते कमी पडलं की म्हातारी पानं हिरवीगार आणि कोवळा शेंडा पिवळा, वर शिरांचं बारीक हिरवं जाळं. "लोह म्हणजे कायम नियुक्ती. नत्र म्हणजे बदलीपात्र," असं अण्णा सांगतात. जस्ताची कमतरता असेल तर पानं बारीक, अरुंद, शेंड्याला गुच्छ करून बसलेली, शिरांच्या मध्ये पिवळे चट्टे. मॅंगनीज असेल तर पान आकाराने ठीक, पण शिरेलगत रुंद हिरवा पट्टा आणि मधे फिकट. एवढं सगळं ते चष्मा कपाळावर सरकवून, पान उन्हासमोर धरून, उभ्या उभ्या सांगतात, आणि मग खिशातली लांबट वही काढून नोंद करतात. नोंदीला ते 'आक्षेप' म्हणतात. आमच्या घरातल्या कुंडीवर सध्या 4 आक्षेप प्रलंबित आहेत.

ही जमात काही अण्णांपासून सुरू झालेली नाही. 1840च्या दशकात फ्रान्समध्ये युझेब ग्री नावाच्या गृहस्थाने पिवळ्या पानांना लोहाच्या क्षाराचं पाणी लावून ती हिरवी करून दाखवली. 1943 साली, ऐन महायुद्धात, इंग्लंडमध्ये थॉमस वॉलेसने पानांच्या नुसत्या रंगरूपावरून कमतरता ओळखायचं रंगीत चित्रांचं पुस्तक काढलं. बाँब पडत असताना माणसं फुलकोबीचं पान उलटसुलट करून बघत होती. हे मी अण्णांना एकदा सांगितलं, तर ते म्हणाले, "मग? युद्ध काय, संपतं."

घरी अण्णांच्या गच्चीवर दोन कुंड्या आहेत. एक कागदी लिंबू, हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रातून आणलेलं. दुसरं रोप हातगाडीवाल्याने संत्रं म्हणून दिलं. ते अजून संत्रंही झालेलं नाही आणि दुसरं काहीही झालेलं नाही. अण्णांना स्वतःला पित्ताचा त्रास, लिंबू चालत नाही. काकूंना लिंबू लागतं, पण मंडई जिना उतरल्यावर आहे. म्हणजे या घरात लिंबाच्या झाडाची गरज तशी कुणालाच नाही. अण्णांना लिंबू नकोच आहे, त्यांना कमतरता हवी आहे. निरोगी झाड दिसलं की त्यांचा चेहरा पडतो. शेजारच्या वाड्यातल्या आजींचं ईडलिंबू आहे, डालड्याच्या जुन्या डब्यात, हिरवंकंच, वर्षानुवर्षं. अण्णा तिथे कधी थांबत नाहीत. "त्यात बघण्यासारखं काही नाही," म्हणतात.

मातीपरीक्षणाची हकिगत मात्र सविस्तर सांगितली पाहिजे.

मृद आरोग्य पत्रिकेची योजना 2015 साली आली. त्यात मातीच्या 12 गोष्टी तपासून शेतकऱ्याला कार्ड मिळतं: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मॅंगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. बारा रकान्यांचं कार्ड म्हटल्यावर अण्णांना राहवलं नाही. नमुना घेण्याची पत्रिका त्यांनी मिळवली आणि ती नियमाप्रमाणे राबवली. शेतात नागमोडी चालत जागा निवडाव्यात, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यावा, कडेची माती खरवडावी, सगळी माती एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. बारा इंची कुंडीत अण्णा चमचा घेऊन नागमोडी गेले. पाच ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे घेतले. चार भाग केले, दोन टाकले. अर्धा किलो माती पिशवीत गेली तेव्हा कुंडीतलं लिंबू एका बाजूला कललं होतं. त्यात फळझाडांसाठी माती एक, दोन आणि तीन फूट अशा थरांतून घ्यायची असते. कुंडी होती एक फुटाची. दुसऱ्या फुटाला गच्चीचा कोबा लागला असता आणि तिसऱ्याला खालच्या भाडेकरूचा पंखा. काकूंनी हातातला चमचा काढून घेतला म्हणून पंखा वाचला.

फॉर्मवर क्षेत्र लिहायचं होतं. अण्णांनी कुंडीचा व्यास मोजून 0.000707 आर असं लिहिलं. गट नंबराच्या जागी 'गच्ची'. पुढे 'मागील हंगामातील पीक' असा रकाना होता, तिथे काकूंच्या सांगण्यावरून 'कोथिंबीर' लिहिलं, जे खरं होतं. प्रयोगशाळेतल्या मुलाने फॉर्म दोनदा वाचला, अण्णांकडे बघितलं आणि काही न बोलता शिक्का मारला. सरकारी नोकरीत तो पोरगा पुढे जाईल.

अहवाल आला. सामू 8.2. चुनखडी भरपूर. लोह: कमी. अण्णा तो कागद घेऊन चार घरं फिरले. खरं तर हा अहवाल मराठवाड्यात कुठल्याही कुंडीला न तपासता देता आला असता. आपली काळी माती चुनखडीची, बोअरचं पाणी जड, हंड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो तो काय असतो? नळाला पाणी चार-आठ दिवसांनी, तेव्हा माणसांचंच भागत नाही, कुंड्या बोअरवरच जगतात. प्रत्येक तांब्यागणिक कुंडीत थोडा चुना जातो, सामू चढत जातो, आणि सामू साडेसातच्या वर गेला की लोह मातीत असूनही विरघळत नाही. मुळांपर्यंत पोचत नाही. गंमत म्हणजे आपण बसलोय बेसाल्टवर, आणि बेसाल्टमध्ये लोहाला काय तोटा!

हे गणित मात्र अण्णांइतकं स्वच्छ मला कुणी समजावलेलं नाही. "निधी आहे," ते म्हणाले. "मंजूर आहे, जमा आहे, लेखाशीर्षही बरोबर आहे. चुनखडी सही करत नाही. मग काय, अखर्चित. मार्चअखेर पान पिवळं."

"मग वरून हिराकस टाकलं तर?"

"अडलेल्या खात्यात आणखी निधी टाकला तर काय होतं? तोही अडतो." मग आवाज खाली आणून, "चिलेट पाहिजे. चिलेट म्हणजे निधी पाकिटात घालून थेट लाभार्थ्याच्या हातात."

चिलेटसाठी अण्णा मोंढ्यात गेले. दुकानदाराने विचारलं, "किती एकर?" अण्णा म्हणाले, "दोन कुंड्या." दुकानदाराने पुन्हा विचारलं. अण्णांनी पुन्हा तेच सांगितलं. मग चिलेट कोणतं यावर वाद झाला, कारण ईडीटीएवालं स्वस्त पडतं पण चुनखडीच्या मातीत टिकत नाही, तिथे ईडीडीएचएवालंच लागतं, आणि ते महाग. अण्णांनी महागाचं घेतलं. अर्ध्या किलोचा पुडा. कुंडीला लागतं काही ग्रॅम. घरी येऊन त्यांनी भागाकार केला तेव्हा लक्षात आलं की दोन झाडांना हा पुडा संपवायला त्यांना शंभरीच्या पुढे जगावं लागेल.

औरंगपुऱ्यावर जी सेवा कोसळली तिचं मूळ या भागाकारात आहे. औषध शिल्लक आणि रोगी कमी, म्हणून अण्णा रोगी शोधत फिरू लागले. त्या काळात गुलमंडीपर्यंतच्या सगळ्या लिंबूवर्गीय कुंड्यांना त्यांनी लोह पाजलं. हे औषध पाण्यात घातलं की गडद लालभडक होतं. एका गॅलरीतून ते ठिबकून खाली साड्यांच्या दुकानाच्या पाटीवर ओघळलं, तेव्हा दुकानदार वर धावत आला. त्याला वाटलं वर कुणाचं तरी डोकं फुटलं. अण्णांनी त्यालाच विचारलं, "तुमच्याकडे लिंबू आहे का?"

लोकांचे उपाय वेगळे होते, आणि त्यांचा अण्णांना मनस्वी तिटकारा. कुणी मातीत गंजके खिळे खोचले होते. गंजलेलं लोखंड म्हणजे पुन्हा तेच, न विरघळणारं लोह. कुणी केळीच्या साली, कुणी चहाचा चोथा. सर्वात जास्त राग अंड्याच्या टरफलांवर. "टरफल म्हणजे चुनखडी! चुन्याने मरणाऱ्याला चुना!" असं ओरडत त्यांनी एका सुशिक्षित घरातल्या कुंडीतून टरफलं वेचून काढली होती, आणि त्या बाई प्राध्यापक होत्या.

त्याच बाईंनी पुढे त्यांना बरोबर पकडलं. जस्तासाठी अण्णांनी त्यांना फवारा सांगितला: एका लिटरला 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना. "आता चुना कसा चालतो?" बाईंनी विचारलं. नुसत्या झिंक सल्फेटने कोवळं पान करपू नये म्हणून चुना घालतात, हे साधं उत्तर होतं. अण्णा म्हणाले, "मातीतला चुना म्हणजे अडवणूक. फवाऱ्यातला चुना म्हणजे काउंटर सही."

पण अण्णांनी स्वतः केलेला एक उपाय मी विसरू शकत नाही. बोअरच्या पाण्यातला जडपणा मोडायला त्यात थोडं आम्ल घालावं, हे कुठेतरी त्यांनी वाचलं. तत्त्व बरोबर आहे. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, चिमूटभर पुरतं. त्या दिवशी दुकान बंद होतं. अण्णा मंडईत गेले, ऐन एप्रिलमध्ये, लिंबं सोन्याच्या भावाने विकली जात असताना डझनभर घेऊन आले, पिळली आणि बादलीत घालून लिंबाच्या झाडाला घातली. काकू दारात उभ्या होत्या. "अहो, झाड कशासाठी लावतात?" एवढंच त्या म्हणाल्या. अण्णांनी बिया गाळून वेगळ्या ठेवल्या होत्या. लावायला.

अण्णांचा मामेभाऊ पाचोडकडचा, मोसंबीवाला. 2012च्या दुष्काळात त्या पट्ट्यातल्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी मोसंबीची झाडं तोडून सरपण केलं, त्यात याचीही बाग गेली. पुन्हा लावली, टँकरवर जगवली. कोर्टाच्या कामाला शहरात आला की अण्णांकडे जेवायला येतो. एकदा अण्णांनी त्याला गच्चीवर नेलं आणि वही, अहवाल, पुडा, फवारा असं सगळं दप्तर मांडून बसले. त्याने त्यातलं काही बघितलं नाही. कुंडीत बोट खुपसलं, बाहेर काढून हुंगलं, कुंडी थोडी तिरपी करून बूड बघितलं.

"अण्णा, ह्याला पाणी लई व्हायलंय. खालचं भोक बुजलंय बघा. मूळ सडलं तर काय खाईल ते?"

"लोहाची कमतरता आहे," अण्णा म्हणाले.

"असंल की. आमच्या वावरात चुनखडीचा एक पट्टा हाय, तिथली झाडं पिवळीच राहत्यात. पण ओल साचली की जास्त पिवळी होत्यात. भोक मोकळं करा, माती अर्धी बदला, शेणखत टाका, आणि बोट घालून कोरडं लागल्याबिगर पाणी देऊ नका. नवी पालवी आपोआप सांगंल."

तो जेवून गेला. अण्णा संध्याकाळपर्यंत अस्वस्थ होते. "पाणी कमी करा, हे काय निदान झालं?" ते मला म्हणाले. "हे तर कुणीही सांगेल." त्यांची तक्रार मला समजली. 'लोहजन्य पीतपर्णता' म्हटल्यावर माणूस खुर्चीत सावरून बसतो. 'भोक बुजलंय' म्हटल्यावर कोण बसेल? रात्री मात्र काकूंनी पाहिलं, अण्णा बॅटरी आणि विणकामाची सुई घेऊन कुंडीचं भोक मोकळं करत होते. सकाळी त्यांनी त्याच कुंडीला चिलेट दिलं. महिन्याभराने हिरवी पालवी आली ती वहीत चिलेटच्या नावावर जमा आहे.

तरीही पिवळेपणा अण्णांचा पिच्छा सोडीना. उलट वाढला. शहरातल्या लिंबांबरोबर पिंपळ, कडुनिंब, एवढंच काय गुलमंडीच्या दुकानांतल्या हिरव्या साड्याही त्यांना फिकट दिसू लागल्या. परिटाशी भांडण झालं, की शर्ट पिवळे करून आणतोस, नीळ घालत नाहीस. घरातल्या ट्यूबा दोनदा बदलल्या. "पाण्यातच दोष आहे," म्हणाले. "सगळंच पिवळं पडायलंय." मग एक दिवस ते खरोखरच एका रिक्षावर जाऊन आदळले, आणि मुलाने पुण्याहून येऊन त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगला पिकलेला. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

पट्टी निघाल्यावर काळा चष्मा लावून अण्णा गच्चीवर गेले. थोड्या वेळाने त्यांची हाक खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आली. "लागू पडलं! अगं, लागू पडलं!"

चिलेट लागू पडलं होतं. एका रात्रीत. दोन्ही कुंड्या पाचूसारख्या हिरव्या. त्याच आठवड्यात त्यांनी चष्म्यासकट फेरी काढली, आणि औरंगपुऱ्यातलं झाडन् झाड बरं झालेलं त्यांना आढळलं. ज्यांना औषध दिलंच नव्हतं तीही. त्यांच्या बाबतीत अण्णांनी 'शेजारच्या कुंडीतून प्रसार' असा शेरा लिहिला. परीटसुद्धा सुधारला होता.

खुलासा डॉक्टरांनीच केला, तपासणीच्या वेळी, सहज. मोतीबिंदू झालेलं भिंग पिवळट तपकिरी होतं, त्यातून सगळं पिवळं दिसतं. नवं भिंग स्वच्छ, म्हणून रंग एकदम उजळ. घरी येऊन अण्णांनी एक हात उजव्या डोळ्यावर ठेवला: झाड पिवळं. डाव्यावर ठेवला: हिरवं. पुन्हा उजव्यावर. पुन्हा डाव्यावर. काकू भिंतीला टेकून बघत होत्या. त्यांना वाटलं, आता हा माणूस वही फाडणार.

अण्णांना मुळीच वाईट वाटलं नाही. तेहतीस वर्षांची शिस्त होती ती. लेखापरीक्षणात आक्षेप काढणारा एक आणि पूर्तता मान्य करणारा दुसरा असतो, एकाच माणसाने दोन्ही करू नये, असा दंडक आहे. आता दोन माणसं त्यांच्या एकाच चेहऱ्यावर उपलब्ध झाली होती. तेव्हापासून अण्णा डाव्या डोळ्याने तपासणी करतात. कमतरता हमखास सापडते. औषध देतात. पंधरा दिवसांनी येतात आणि उजव्या डोळ्याने निकाल बघतात. त्यांचा एकही उपाय वाया गेलेला नाही. आमचे चारही आक्षेप याच पद्धतीने निकाली निघणार आहेत, असं त्यांनी तोंडी कळवलं आहे.

दुसऱ्या डोळ्याची तारीख डॉक्टरांनी केव्हाच दिली होती. अण्णांनी त्यांना लेखी उत्तर पाठवलं: आंबे बहाराची फूट निघेपर्यंत डावा डोळा सेवेत असणं कामाच्या दृष्टीने आवश्यक आहे, सबब सहा महिन्यांची मुदतवाढ मिळावी. प्रत माहितीसाठी काकूंना दिली. काकूंनी त्यावर भाजीच्या हिशोबाच्या पेनाने 'नामंजूर' असं लिहून खाली सही केली, आणि रिक्षा बोलावली.